ऑस्लो ते लिंदेस्नेस: नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील पांढऱ्या गावांची मोटारसफर

दीपस्तंभ (धागाकर्ता)

नॉर्वेला येणारे बहुतेक मराठी प्रवासी बर्गेनजवळचे फ्योर्ड पाहतात, हिवाळ्यात आले तर ट्रोम्सोला जाऊन ध्रुवीय प्रकाश पाहतात आणि परत फिरतात. दक्षिणेच्या किनाऱ्याकडे, ज्याला इथे सोरलान्द म्हणतात, फारसे कोणी वळत नाही. मी अकरा वर्षे ऑस्लोत राहतो. गेल्या जूनमध्ये आई-वडील रत्नागिरीहून आले होते, तेव्हा आम्ही चौघांनी सात दिवसांत ऑस्लो ते लिंदेस्नेस हा प्रवास मोटारीने केला. त्याआधी याच रस्त्याने मी निदान दहा वेळा कामासाठी क्रिस्टियनसानला गेलो होतो आणि त्या दहा वेळांत यातले एकही गाव माझ्या दृष्टीस पडले नव्हते. असे का झाले ते सांगण्यासाठीच हा धागा काढत आहे, कारण ते एकदा लक्षात आले की सफर कशी आखायची हे निम्मे ठरून जाते.

ऑस्लोहून क्रिस्टियनसान ई-१८ या महामार्गाने सुमारे ३२० किलोमीटर आहे आणि न थांबता गेल्यास चार तासांत गाठता येते. हा रस्ता डोंगर फोडून, बोगदे काढून, किनाऱ्यापासून बराच आतून नेला आहे. गावे त्याच्यावर नाहीत, कारण ती वसली तेव्हा असा रस्ताच नव्हता. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे माणूस, माल, पत्र, बातमी, सगळे समुद्राकडून येत असे. म्हणून घरांची दर्शनी बाजू धक्क्याकडे आहे आणि पाठ जमिनीकडे. आपण मोटारीने जातो तेव्हा प्रत्येक गावात परसदारातून शिरतो. यावर आम्ही एकच नियम केला होता: दर दिवशी किमान एकदा गाडी उभी करून होडीत बसायचे आणि गाव पाण्यावरून पाहायचे. सातपैकी पाच दिवस तो पाळता आला.

आमचा मार्ग असा होता. ऑस्लोहून दक्षिणेला ड्रोबाक, तिथून समुद्राखालच्या सुमारे सात किलोमीटर लांबीच्या बोगद्याने फ्योर्डच्या पश्चिमेला, मग टोन्सबर्ग आणि लार्विक. पुढे क्रागेरो, रीसोर, लिंगोर बेट, आरेंदाल, ग्रिमस्टाड, लिल्लेसान, क्रिस्टियनसान, मान्दाल आणि शेवटी लिंदेस्नेसचा दीपगृहकडा, जो नॉर्वेच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक आहे.

ड्रोबाकविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते ऑस्लोपासून जवळ आहे आणि एका दुपारीही होते. समोरच्या बेटावर ओस्कार्सबोर्ग किल्ला आहे. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन युद्धनौका ब्ल्यूशर सैन्य घेऊन ऑस्लोकडे निघाली होती, ती या किल्ल्याच्या जुन्या तोफांनी आणि पाणतीरांनी बुडवली. त्यामुळे मिळालेल्या काही तासांत राजा, संसद आणि देशाचा सोन्याचा साठा राजधानीतून बाहेर काढता आला. वडिलांना किल्ल्यांची आवड आहे. ते त्या तोफांपाशी इतका वेळ थांबले की पुढचे वेळापत्रक आम्ही तिथेच सोडून दिले.

बाकीच्या गावांविषयी प्रश्न येतील तसे लिहितो.

मुक्कामपोस्ट

लेख आवडला. आम्ही पुढच्या वर्षी डेन्मार्कमार्गे येणार आहोत. एक शंका प्रांजळपणे विचारते. छायाचित्रांत ही सारी गावे एकसारखी दिसतात: पांढरी लाकडी घरे, लाल कौले, लहानसा धक्का. सात दिवस तेच ते पाहिल्यासारखे होत नाही का? दोन गावे निवडून बाकीचा वेळ फ्योर्डना देणे शहाणपणाचे ठरणार नाही का?

दीपस्तंभ

मुक्कामपोस्ट, तुमची शंका रास्त आहे. नुसती चक्कर मारून फोटो काढायचे असतील तर तिसऱ्या गावात कंटाळा येईल. पण ही गावे एकसारखी दिसत असली तरी एकाच कारणाने श्रीमंत झालेली नाहीत आणि एकाच कारणाने थांबलेलीही नाहीत. ते वेगळेपण हाताशी असेल तर प्रत्येक गाव निराळे वाटते.

क्रागेरोचे उदाहरण घ्या. या गावाने एकेकाळी बर्फ विकला. हिवाळ्यात गोड्या पाण्याची तळी गोठली की त्यांतले बर्फ करवतीने कापून मोठे ठोकळे काढायचे, ते भुशात दाबून साठवायचे आणि वसंतात गलबतांवर चढवून इंग्लंडला पाठवायचे, असा हा धंदा होता. लंडनच्या मासळीबाजारात आणि आइस्क्रीमवाल्यांकडे हे बर्फ जाई. कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाले तशी ही सगळी उलाढाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत संपली. चित्रकार एडवर्ड मुंक आजारपणातून उठल्यावर १९०९ मध्ये याच गावी राहायला आला. ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहातील त्याचे सूर्योदयाचे प्रचंड चित्र क्रागेरोच्या घरातून दिसणाऱ्या समुद्रावरून सुचलेले आहे. आम्ही त्या बाजूला उभे राहून पाहिले. खडक, बेटे आणि त्यांच्यामागे उघडा समुद्र हा क्रम चित्रात जसा आहे तसाच समोर होता.

रीसोरचे कारण वेगळे आहे. १८६१ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक गाव जळाले. जे आज दिसते ते त्यानंतर थोड्या वर्षांत, एकाच काळात, एकाच पद्धतीने पुन्हा बांधलेले आहे, म्हणून ते इतके एकसंध वाटते. १६४७ चे चर्च मात्र आगीतून वाचले. बाहेरून साधे आहे, आत गेल्यावर बरोक शैलीचे कोरीव काम पाहून थबकायला होते. गावाच्या वर कड्यावर चुन्याने रंगवलेला एक मोठा पांढरा ठिपका आहे. दूर समुद्रावरच्या खलाशांना बंदराची खूण पटावी म्हणून तो सतराव्या शतकापासून रंगवला जातो. चालत वर जाता येते आणि वरून सगळी बेटे नकाशासारखी दिसतात.

म्हणून दोनच गावे निवडायची असतील तर रीसोर आणि आरेंदाल निवडा, पण लिंगोरचे बेट वगळू नका.

खलाशी_गुहागर

मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर आहे आणि नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्यामधला स्कागेराक समुद्र अनेकदा ओलांडला आहे. क्रागेरोच्या बर्फाचा उल्लेख वाचून राहवले नाही. याच व्यापाराचे दुसरे टोक आपल्याकडे होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाची जहाजे कलकत्त्याला आणि मुंबईलाही येत असत आणि ते बर्फ ठेवण्यासाठी मुंबईत फोर्ट भागात खास बर्फघर बांधलेले होते. म्हणजे उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांचे पाणी एका बाजूने लंडनला आणि दुसऱ्या बाजूने विषुववृत्त ओलांडून मुंबईला पोहोचत होते. भुसा आणि जहाजाच्या पोटातला अंधार एवढ्या भांडवलावर हे साधले, याचे मला अजून नवल वाटते.

या किनाऱ्याबद्दल जहाजावरून जे दिसते ते सांगतो. बाहेरच्या समुद्रातून पाहिले तर गाव दिसतच नाही, नुसते खडक दिसतात. हजारो लहान बेटे आणि पाण्याखालचे खडक यांची रांग किनाऱ्यापुढे आहे. वाट माहीत असेल तर तिच्या मागे शांत पाणी मिळते, नसेल तर जहाज फुटते. शिडाच्या काळात वारा अनुकूल होईपर्यंत जहाजे या रांगेच्या अगदी बाहेरच्या कडेला, बेटांवरच्या लहान बंदरांत थांबत. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस थांबावे लागे. त्या थांबण्यावर तिथली खानावळ, वाटाड्या, दोर विकणारा, शीड शिवणारा असे सगळे गाव जगत असे. लिंगोर त्यांपैकी आहे, आरेंदालसमोरचे मेर्दो हे बेटही त्यांपैकीच. वाफेची जहाजे आल्यावर वाऱ्यासाठी थांबण्याची गरज उरली नाही आणि ही बंदरे जिथे होती तिथेच राहिली.

दीपस्तंभ

खलाशी_गुहागर, मनापासून आभार. गावे का टिकली याचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आले आहे आणि आरेंदालमध्ये ते सर्वांत स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरेंदाल हे नॉर्वेतील आघाडीचे जहाजमालकांचे गाव होते. त्यांची संपत्ती लाकडी शिडाच्या जहाजांत गुंतलेली होती आणि जग वाफेकडे वळत होते. १८८६ मध्ये तिथली एक खासगी बँक बुडाली, तिच्यापाठोपाठ जहाजमालक बुडाले आणि त्यांच्याकडे ठेवी ठेवणारी साधी कुटुंबेही बुडाली. बेकारी पसरली, पुष्कळ लोक अमेरिकेला गेले. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १८८७ मध्ये, नॉर्वेच्या मजूर पक्षाची स्थापना याच गावात झाली. हा योगायोग नसावा, असे मला वाटते. त्यूहोल्मेन या जुन्या भागात आज जी लाकडी घरे आहेत ती वाचली याचे एक मोठे कारण म्हणजे ती पाडून नवी बांधायला पुढे फार काळ कोणाकडे पैसाच नव्हता. व्यापाऱ्याचे निवासस्थान म्हणून १८१५ च्या सुमारास उभी राहिलेली नगरभवनाची उंच लाकडी इमारत तिथेच आहे. तिच्याकडे पाहताना ती दगडाची नाही हे स्वतःला पुनःपुन्हा सांगावे लागते.

आरेंदालविषयी आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ती मागे पडते. गावाजवळच्या त्रोमोया बेटाच्या किनाऱ्यावर १ डिसेंबर १७६८ रोजी फ्रेडेन्सबोर्ग नावाचे डॅनिश-नॉर्वेजियन जहाज वादळात फुटले. ते कोपनहेगनहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले होते, तिथून गुलाम केलेली माणसे कॅरिबियन बेटांवर नेऊन विकली होती आणि आता परत येत होते. जहाजावरचे सगळे वाचले. १९७४ मध्ये समुद्रात बुडी मारणाऱ्यांना त्याचे अवशेष सापडले. जहाजाची रोजनिशी आधीपासून अभिलेखागारात होती, त्यामुळे या एका फेरीविषयी जेवढे कळते तेवढे फारच थोड्या गुलामवाहू जहाजांविषयी कळते. हस्तिदंत आणि इतर वस्तू गावातील कूबेन संग्रहालयात आहेत. पांढऱ्या घरांमध्ये आलेला पैसा लाकूड, मासे आणि मालवाहतूक यांतूनच आला असे समजून मी तिथे गेलो होतो. त्या दालनातून बाहेर आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

मुक्कामपोस्ट

उत्तर वाचून विचार बदलला. आता व्यवहाराचे प्रश्न. माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत आणि शाकाहारी आहेत. भारतातील वाहनपरवान्यावर गाडी चालवता येईल का? आणि पांढराच रंग का, हेही सांगा.

खाडीकाठ

परवाना आणि रस्त्याबद्दल मी सांगतो. मी क्रिस्टियनसानला राहतो. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातूनच काढून आणा, कारण भाड्याने गाडी देणारे तो मागतात. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, याची सवय एका दिवसात होते. ज्याची सवय होत नाही ती गोष्ट वेगळी आहे: जिथे अग्रक्रमाची पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ते कितीही लहान गल्लीतून येत असो. गावांच्या अरुंद रस्त्यांत हा नियम पावलोपावली लागू होतो. दिवे भर दिवसाही लावलेलेच ठेवायचे. रक्तातील मद्याची मर्यादा ०.२ प्रतिहजार, म्हणजे जवळजवळ शून्यच आहे. जेवताना एक ग्लास बिअरही नको. पथकर कॅमेऱ्याने घेतला जातो, नाक्यावर थांबावे लागत नाही. भाड्याच्या गाडीचा पथकर नंतर बिलात येतो, तो पाहून दचकू नका. विजेवरची गाडी मिळाली तर जरूर घ्या, चार्जिंगची सोय या मार्गावर भरपूर आहे.

जुलैच्या उत्तरार्धात सगळा देश सुट्टीवर असतो आणि या गावांत पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्टच्या सुरुवातीला रीसोरमध्ये लाकडी होड्यांचा उत्सव भरतो, ऑगस्टच्या मध्याला आरेंदालमध्ये राजकीय चर्चांचा सप्ताह असतो. दोन्ही पाहण्यासारखे आहेत, पण खोल्या खूप आधी राखून ठेवाव्या लागतात. जून सर्वांत चांगला.

दीपस्तंभ

ज्येष्ठांसाठी: गावांतले रस्ते चढउताराचे आणि काही ठिकाणी दगडी आहेत, पण अंतरे अगदी थोडी आहेत. माझ्या वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे. रीसोरच्या ठिपक्यापर्यंत ते आले नाहीत, धक्क्यावर बसून राहिले आणि तो वेळ त्यांनी सर्वांत आनंदात घालवला. शाकाहारासाठी लहान गावांत पर्याय कमी आहेत. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या आणि पोहे, डाळ-तांदूळ, गोडा मसाला ऑस्लोहून नेला. मासे खाणाऱ्यांनी धक्क्यावर होडीतूनच विकली जाणारी उकडलेली कोळंबी घ्यावी. ती पांढऱ्या पावावर लिंबू पिळून खातात. इथला मक्रेल हा आपल्या बांगड्याचा जवळचा नातेवाईक आहे. आईने तो तिरफळ घालून केला.

पांढऱ्या रंगाविषयी इथे जे सांगतात ते असे. लाल आणि पिवळे रंग मातीतून स्वस्तात मिळत. पांढरा महाग होता. एकोणिसाव्या शतकात जस्तापासून केलेला पांढरा रंग आवाक्यात आला आणि धक्क्याकडची भिंत पांढरी करणे हे ऐपतीचे लक्षण ठरले. म्हणूनच अनेक घरांची पुढची भिंत पांढरी आणि मागची अजून लाल आहे. मोटारीने येणाऱ्याला आधी ती लाल बाजू दिसते.

लिंगोरला कसे जायचे ते लिहायचे राहिले. ई-१८ वरून येविंगकडे वळायचे, गाडी तिथेच ठेवायची आणि होडीने पलीकडे जायचे. बेटांवर मोटारी नाहीतच. ६ जुलै १८१२ रोजी याच अरुंद खाडीत डॅनिश-नॉर्वेजियन युद्धनौका नायादेन हिला ब्रिटिश जहाजाने बुडवले आणि शंभराहून अधिक खलाशी मरण पावले. आज त्या पाण्यावर मुले लहान होड्या वल्हवतात.

जुने_जहाज

ग्रिमस्टाडविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. हेन्रिक इब्सेन १८४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षात, इथे एका औषधाच्या दुकानात शिकाऊ म्हणून आला आणि १८५० पर्यंत राहिला. त्याचे पहिले नाटक त्याने रात्री जागून इथेच लिहिले. ज्याच्या नाटकांची रूपांतरे मराठी रंगभूमीने केली, त्या माणसाची सुरुवात गोळ्या आणि मलमे तयार करण्यात झाली हे दुकान पाहिल्यावर खरे वाटू लागते. त्याचे संग्रहालय झाले आहे.

पण या गावाची मला भिडलेली गोष्ट दुसरी आहे. १८०७ नंतर नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमाराने हा किनारा अडवला. नॉर्वेच्या दक्षिणेत धान्य पुरेसे पिकत नाही, ते डेन्मार्कहून येत असे. उपासमार सुरू झाली तेव्हा माणसे उघड्या होड्या वल्हवत शंभर किलोमीटरहून अधिक रुंदीचा स्कागेराक ओलांडून डेन्मार्कच्या युटलंडला जाऊ लागली, जवाची पोती घेऊन परतू लागली आणि कित्येक पकडली गेली. इब्सेनने अशाच एका माणसावर दीर्घ कविता लिहिली, तिचे कथानक याच परिसरात घडते. क्रिस्टियनसानहून डेन्मार्कला जाणारी आजची फेरीबोट हेच पाणी तीन-साडेतीन तासांत कापते. मुक्कामपोस्ट, तुम्ही त्याच फेरीने येणार असाल तर डेकवर थोडा वेळ उभे राहा.

खाडीकाठ

लिंदेस्नेसला थांबू नका, पुढे फ्लेक्केफ्योर्डपर्यंत या, असा माझा आग्रह आहे. तिथल्या जुन्या वस्तीला हॉलंडरांचे गाव म्हणतात. सतराव्या शतकात डच जहाजे इथून ओक आणि पाइनचे लाकूड नेत आणि दलदलीत उभ्या राहिलेल्या डच शहरांच्या पायाखाली ते खांब म्हणून ठोकले जाई. पुढे ४४ क्रमांकाच्या रस्त्याने योसिंगफ्योर्डला उतरलात तर एका प्रचंड झुकलेल्या कड्याखाली दोन लहान घरे दिसतील. पाऊस त्यांच्या छपरांवर पडतच नाही. आणि रस्त्याचा तो भाग सावकाश चालवा, वळणे तीव्र आहेत.

दीपस्तंभ

खाडीकाठ, वेळ संपल्यामुळे आम्ही लिंदेस्नेसवरून परतलो आणि त्याची चुटपुट आहे. नॉर्वेतला पहिला दीप तिथे १६५६ मध्ये लावला गेला; सध्याचा ओतीव लोखंडाचा मनोरा १९१५ चा आहे. वारा इतका होता की आईला दोघांनी धरून उभे करावे लागले, पण ती आत यायला तयार नव्हती.

मुक्कामपोस्ट

वर्षभराने लिहिते आहे. आम्ही जूनमध्ये जाऊन आलो. फेरीच्या डेकवर उभे राहिलो. मध्यावर दोन्हीकडे जमीन दिसेना तेव्हा सासऱ्यांनी वल्ह्यांचा हिशेब करायला घेतला आणि एक रात्र पुरणार नाही असे सांगितले. आरेंदालहून होडीने मेर्दो बेटावर गेलो. तिथे एका कप्तानाचे घर संग्रहालय म्हणून जसेच्या तसे राखले आहे; खिडक्या लहान, छत बुटके आणि प्रत्येक खोलीतून पाणी दिसते. घरामागे गोल गुळगुळीत गोट्यांचा किनारा आहे, हिमयुगाच्या अखेरीस हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचा. सासरे तिथे बसले आणि उठेनात, त्यामुळे आम्ही शेवटच्या होडीने परतलो. दुसऱ्या दिवशी लिल्लेसानला जायचे ठरले होते. ते रद्द करून आम्ही पुन्हा मेर्दोला गेलो.